शून्य नावांची यादी

सोमवारी सकाळी दहा वाजता आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यातल्या संगणकखोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. खोली चार माणसांची, आत तीस जण. डॉक्टर, सिस्टर, चष्म्याचे नंबर काढणारे, औषधांच्या खिडकीवरचे, सगळे श्वास रोखून पडद्याकडे पाहत होते. दाराशी धुलाईखान्यातल्या मावशी ओल्या हातांनीच उभ्या होत्या. मधोमध, पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, सर्व्हरच्या पेटीवर तळहात टेकवून सर्व्हरबाबा डोळे मिटून उभे होते.

शुक्रवारपासून आमचा साप्ताहिक अहवाल अडकला होता. कळ दाबली की पडद्यावर चक्र फिरायचं ते फिरतच राहायचं. म्हणून मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या अधीक्षकांनी, कुणाच्या तरी ओळखीतून बाबांना बोलावलं होतं. बाबांनी आल्या आल्या आज्ञा केली, "सगळे संगणक बंद करा. यंत्राला तासभर मौन द्या. ते तुमच्या विचारांनी दमलंय."

तास संपला. बाबांनी डोळे उघडले.

"दाबा."

मोठ्या डॉक्टरांनी कळ दाबली. पापणी लवते न लवते तोच अहवाल पडद्यावर! टाळ्यांचा कडकडाट झाला. औषधांच्या खिडकीवरच्या बाईंनी तर सर्व्हरच्या पेटीला हात लावून तो कपाळाला लावला.

"हे काहीच नाही," बाबा म्हणाले. "तुमची खरी पीडा ती बाकी राहिलेल्यांची यादी. बरोबर?"

बरोबर होतं. आमच्याकडे डोळ्याच्या पडद्याचा आजार असलेल्यांना डोळ्यात इंजेक्शन देतात. पहिल्यानंतर चार आठवड्यांनी दुसरं घ्यावंच लागतं, नाहीतर नजर जाते. पहिलं झालेल्यांची एक नोंदवही संगणकात आहे, दुसरं झालेल्यांची दुसरी; दोन्हींत प्रत्येक नावापुढे त्या रुग्णाचा नोंदणी नंबर असतो. पहिल्या वहीत असलेले पण दुसऱ्या वहीत नसलेले, त्यांची यादी दर सोमवारी निघते आणि सिस्टर व मी दिवसभर फोन करतो. त्या आधीच्या सोमवारी यादीत एकशे ब्याऐंशी नावं होती.

"सिस्टर," बाबा म्हणाले, "दुसऱ्या इंजेक्शनच्या वहीत एक नोंद करा. नाव लिहू नका. नंबर लिहू नका. जो सगळ्यांत आहे त्याला कसला नंबर? कोरी नोंद म्हणजे निराकाराला दिलेली जागा."

सिस्टरांनी कोरी नोंद केली. बाबा तीनदा पेटीवर फुंकले. यादी काढली. पडद्यावर एकच ओळ आली: नावे शून्य.

"एकही बाकी नाही!" मोठ्या डॉक्टरांचा आवाज चिरकला. "बाबा, एकशे ब्याऐंशी माणसं होती हो!"

"पोचली."

"कुठे?" मावशींनी दारातून विचारलं.

"जिथे पोचायचं तिथे," बाबा म्हणाले, आणि लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

मीही वाजवल्या. हे लिहिताना लाज वाटते, पण खरं ते लिहिलं पाहिजे. मी या दवाखान्याचा जुना दप्तरी. निवृत्त झाल्यावरही अर्ध्या दिवसासाठी ठेवून घेतलेला. यादी काढणारी ती चार ओळींची क्वेरी, म्हणजे संगणकाला विचारायचा प्रश्न, मीच साठी उलटल्यावर एका जाड पुस्तकातून शिकून लिहिली होती. बाबांनी शून्य दाखवलं तेव्हा माझ्या मनात पहिला विचार हाच आला, की इतकी वर्षं माझाच प्रश्न चुकत असणार.

त्यानंतर तीन सोमवार शून्य आलं. फोन बंद झाले. सिस्टरांना दुपारी जेवायला वेळ मिळू लागला. सर्व्हरच्या पेटीवर बाबांचा फोटो चिकटला. कुणाचा प्रिंटर अडला तरी लोक आधी फोटोकडे बघायचे, मग कागद घातलाय का ते पाहायचे.

चौथ्या सोमवारी सकाळी मावशी माझ्या टेबलाशी आल्या.

"काका, आमच्या ह्यांना फोन कधी करणार?"

"कसला फोन?"

"दुसऱ्या सुईचा. सात आठवडे झाले. घरीच बसा, फोन येईल, असं सांगितलेलं. हे आपले फोन उशाशी घेऊन बसलेत."

मावशींचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. भिंतीवरची नाहीत, मनगटावरची. तांदळाच्या कणीएवढे स्क्रू उजव्या डोळ्याला भिंग लावून बसवायचे, हे त्यांचं काम.

"काल टेबलाची कड वाकडी दिसते म्हणाले," मावशी सांगत होत्या. "मी म्हटलं, टेबल जुनं आहे. तर म्हणे, दाराची चौकटही वाकडी आहे का?"

मी खुर्चीतून उठलो. "मावशी, आत्ताच्या आत्ता त्यांना घेऊन या. कुणाला विचारू नका, सरळ इंजेक्शन देणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत न्या. मी सांगून ठेवतो."

त्या धावल्या. मी पहिली वही उघडली. यजमानांचं नाव होतं. दुसरी उघडली. नव्हतं. म्हणजे यादीत त्यांचं नाव यायलाच हवं. यादी काढली. शून्य.

मी तीच यादी पाच वेळा काढली. आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटलं की मी असाच वागतो. मग जाड पुस्तक काढलं. पाऊण तासाने एका पानावर तो परिच्छेद सापडला. त्याखाली पेन्सिलची रेघ होती, माझीच. वाचला होता, रेघ ओढली होती आणि विसरलो होतो.

त्याच दिवशी दुपारी बाबा 'कायमच्या शुद्धी'साठी येणार होते. खोली पुन्हा भरली. बाबा पेटीवर हात ठेवणार एवढ्यात मी म्हणालो, "एक प्रयोग करू का?"

माझा आवाज कुणाला ऐकू गेला नाही. दुसऱ्यांदा म्हणालो तेव्हा सिस्टर म्हणाल्या, "अहो, काका काहीतरी म्हणतायत."

"करा की," मोठे डॉक्टर म्हणाले. "पण लवकर."

मी पडद्यावर दोन कोऱ्या वह्या उघडल्या. पहिलीत खोलीतल्या दहा जणांची नावं आणि नंबर घातले. "ही पहिली वही. दुसरी रिकामी आहे. दुसऱ्या वहीत कोण नाही, विचारतो." दहा नावं आली. "आता सिस्टरांचा नंबर दुसऱ्या वहीत घालतो." नऊ आली. "आता डॉक्टर, तुम्ही दुसऱ्या वहीत एक कोरी नोंद करा. पेटीवर फुंकू नका."

त्यांनी केली. यादी काढली. नावे शून्य.

मोठे डॉक्टर पडद्याजवळ सरकले.

"ती कोरी नोंद काढून टाका," मी म्हणालो. त्यांनी काढली. नऊ नावं परत आली. त्यांनी स्वतःच पुन्हा घातली. शून्य. काढली. नऊ. चार वेळा केलं त्यांनी, लहान मुलासारखं.

"असं कसं?" ते म्हणाले.

"संगणक प्रत्येक नंबर दुसऱ्या वहीतल्या प्रत्येक नंबराशी ताडून बघतो. सगळे वेगळे निघाले, तरच नाव देतो. कोरी जागा आली की तो म्हणतो, इथे कोणता नंबर आहे ते मला ठाऊक नाही. कदाचित हाच असेल. खात्री नाही, म्हणून नाव नाही. एक कोरी नोंद, आणि त्याला कुणाचीच खात्री देता येत नाही. आपण आजवर नंबर नसलेल्या रुग्णालाही तात्पुरता नंबर देत आलो, म्हणून हे कधी झालं नाही. कोरी जागा आली तर काय, याचा विचार मी प्रश्न लिहिताना करायला हवा होता. ती चूक माझी."

"यंत्राचं आध्यात्मिक अंग अशा पुस्तकी लोकांना—" बाबांनी सुरुवात केली.

"बाबा," मी म्हणालो. "निराकाराला पहिल्या वहीत का नाही जागा दिलीत? पहिल्या वहीत कोरी नोंद केली असती तर यादीला काहीच झालं नसतं. तुम्ही नेमकी दुसरी निवडलीत."

बाबा सर्व्हरपासून एक पाऊल मागे सरकले.

"आणि तो अडकलेला अहवाल?" सिस्टरांनी विचारलं.

"कुणीतरी शुक्रवारी एक नोंद अर्धवट उघडी ठेवून घरी गेलं असावं. ती मिटेपर्यंत अहवाल तिच्यामागे रांगेत उभा. सगळे संगणक बंद केले, ती मिटली."

चष्म्याचे नंबर काढणारे गृहस्थ जमिनीकडे बघत म्हणाले, "शुक्रवारी माझी बस सुटत होती."

कुणीतरी हसलं आणि मग सगळीच खोली हसली. बाबा म्हणाले, "इथली स्पंदनं बिघडली आहेत," आणि दाराकडे वळले. पण दारात मावशी उभ्या होत्या.

"थांबा की बाबा. आमचे हे पोचले. जिथे पोचायचं तिथे. डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आहेत. बाकीच्या एकशे एक्याऐंशी जणांचा पत्ता तेवढा सांगून जा."

बाबा मावशींच्या बाजूने अंग चोरून गेले.

सिस्टरांनी खऱ्या वहीतली कोरी नोंद काढली. यादी आली. नावे दोनशे सात. मोठे डॉक्टर खुर्चीत बसले आणि पहिला फोन त्यांनी स्वतः लावला.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई सांगायला आल्या. दुसरं इंजेक्शन दिलं होतं. "आहे तेवढी नजर बहुधा राहील. तीन आठवडे आधी आले असते तर मधला डागही पडला नसता." घड्याळवाल्यांनी हे शांतपणे ऐकलं. मग मावशींना म्हणाले, "मनगटावरची आता संपली गं. भिंतीवरची करीन."

सर्व्हरबाबांना मी एकटा दोष देणार नाही. तीस शिकलेली माणसं त्या खोलीत होती आणि शून्य हा आकडा आम्हां सगळ्यांना फार आवडला होता. माझं सांगणं एवढंच आहे: सगळे प्रश्न एका फुंकरीत सुटले असं सांगत बाकी राहिलेल्यांची यादी कुणी तुमच्यासमोर धरली, तर टाळ्या वाजवण्याआधी एक माणूस आठवा, ज्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही हे तुम्हाला स्वतःला माहीत आहे. त्याचं नाव त्या यादीत शोधा. सापडलं नाही, तर नमस्कार नका करू. विचारा, का नाही?