एकदाच दाबलेलं बटण

अतिदक्षता विभागातला मॉनिटर पहिल्यांदा गोठला, तेव्हा मॉनिटर बनवणाऱ्या कंपनीची प्रोग्रामर म्हणून तपासणीला तीच गेली होती. सात मिनिटं पडद्यावर जुनेच आकडे दिसत राहिले. पेशंट थोडक्यात वाचला. ऑफिसातल्या मशीनवर तोच बिघाड पुन्हा घडवायला तिने दोन दिवस झटापट केली, प्रोग्राम काही अडकेना. शेवटी तिने अहवालात लिहिलं, "'अलार्म बंद'चं बटण घाईघाईत अनेकदा दाबल्यामुळे." त्या एका ओळीवर बटण दाबणाऱ्या सिस्टरची उचलबांगडी झाली, थेट चादरींच्या भांडारात.

आठ महिन्यांनी पुन्हा तेच घडलं. या वेळी बटणावर बोट मोठ्या डॉक्टरांचं होतं, आणि त्यांनी घाई केली असं म्हणायची कोणाची टाप नव्हती. गोठलेला प्रोग्राम तसाच चालू ठेवून तिला बोलावलं गेलं.

तासाभरात तिला सापडलं. प्रोग्रामात दोन थ्रेड होते, एकाच वेळी राबणारे दोन कामगार जणू. एक पडदा रंगवायचा आणि बटणं ऐकायचा, दुसरा नवे आकडे आणायचा. आकडेवाला अलार्मच्या यादीला कुलूप लावायचा आणि पडदेवाल्याला म्हणायचा, "हे दाखव, तोवर मी थांबतो." नेमकं त्याच क्षणी कोणी "अलार्म बंद" दाबलं, की पडदेवाला तीच यादी मागत बसायचा. दोघंही थांबलेले, जन्मभर. बटण एकदा दाबलं तरी पुरे होतं.

तो कोड तिचाच होता. आकडेवाल्याने निरोप ठेवून पुढे जायचं, थांबायचं नाही. दुरुस्ती चार ओळींची.

"झकास," तिचे साहेब म्हणाले. "'वेग वाढवला' म्हणून पाठवून दे."

"आणि त्या सिस्टर?"

"कोण सिस्टर?"

"माझ्या अहवालामुळे ज्यांना हलवलं त्या."

"तुझ्याच ना? मग कशाला उकरतेस? पहिली तूच गोत्यात येशील."

तिने 'वेग वाढवला' असं लिहून सही केली. दुपारी मात्र राहवेना, म्हणून भांडारात गेली. सिस्टर चादरींच्या घड्या घालत होत्या.

"तुम्ही एकदाच दाबलं होतंत," ती म्हणाली. "चूक प्रोग्रामची होती. म्हणजे... माझी."

"मी तेव्हाच ओरडून सांगत होते." सिस्टरनी मान वर केली नाही. "लिहून द्याल?"

ती गठ्ठ्यातल्या चादरीची कड सरळ करू लागली.

"नाही ना? मग आलात कशाला? स्वतःचं मन हलकं करायला?" सिस्टरनी घडी गठ्ठ्यावर आपटली. "एकोणीस वर्षं पेशंट सांभाळले मी, बाई. सरका, ट्रॉली येतेय."

ती सरकली.

सोमवारी नवी आवृत्ती सगळ्या वॉर्डांत गेली. पडदा पुन्हा गोठला नाही. साहेबांनी मीटिंगमध्ये तिची पाठ थोपटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि ती हसून "थँक्यू सर" म्हणाली.