झाकलेला तांदळाचा भाव

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे. प्रशांत महासागरातल्या किरिबाती देशाच्या एका चिमुकल्या बेटावर, सहकारी दुकानाच्या भिंतीवर लटकतो. मोडक्या होडीच्या फळ्या जोडून मला घडवलं आणि वर काळा रंग दिला. माझ्या डाव्या अंगाला बेटावरून जाणाऱ्या सुक्या खोबऱ्याचा भाव, उजव्या अंगाला बोटीतून येणाऱ्या तांदळाचा. बोट लागली की माणसं आधी माझं तोंड बघत. तेव्हा खोबऱ्याच्या एका गोणीत तांदळाची एक गोणी येई.

एका वर्षी खोबऱ्याचा भाव दुप्पट झाला. दुकानदार बाउरोनं तो आकडा माझ्यावर वीतभर मोठा काढला. त्याच बोटीतून छिटाचं नवं कापड आलं, ते त्यानं माझ्या उजव्या कोपऱ्यावर टांगलं. कापडाआड तांदूळ चौपट झाला होता.

"काय तेबुआई, राजे झालात की!" खोबरं विकायला आलेल्या तेबुआईला बघून बाउरो हसला.

"मग! आता बाबाईच्या खड्ड्यात चिखल कोण तुडवतो? तो खड्डाच बुजवतो, आणि माड लावतो."

बाबाई म्हणजे अळूचाच थोराड भाऊ. त्याचा कंद इथं पोटच्या पोरासारखा जपतात. तेबुआईची आई, तेरेआ, कळवळली. "अरे, तुझ्या आजोबांनी गोड्या पाण्यापर्यंत खणलाय तो! उद्या पाहुण्यांपुढं काय ठेवू? माझं डोकं?"

"तांदूळ ठेव की, आई! फळा बघ, फळा!"

मी खोटं बोललो नाही, मित्रांनो. अर्धंच बोललो. खड्डा बुजला.

माड फळाला यायला सात वर्षं लागली. तोवर खोबरं घसरलं, तांदूळ मात्र उतरला नाही. तांदळाच्या एका गोणीला खोबऱ्याच्या तीन गोण्या जाऊ लागल्या. तेरेआच्या नातीच्या लग्नात सभाघरात घरोघरचा बाबाई आला. तिनं म्हणे अर्धं पातेलं भात नेला, तोही पानांनी झाकून.

काल ती दुकानात आली. "फावडं दे, बाउरो."

"काकू, या वयात?"

"खड्ड्यातली वाळू उपसायचीय. पाणी लागेस्तोवर."

फावडंही बोटीतूनच आलेलं. बाउरोनं मान खाली घालून त्याचा भाव माझ्यावर लिहिला. तेरेआनं तो वाचला, फावडं खांद्यावर टाकलं आणि उन्हात चालू लागली. मला तिच्यामागं दोन पावलंही जाता आलं नाही.

मित्रांनो, बेट असो की देश, आपलं महाग विकलं म्हणून नाचण्याआधी बाहेरचं कितीला पडतं तेही विचारा. आणि पोसणारी जमीन बुजवण्याआधी घरातल्या म्हातारीचं बोलणं पुरतं ऐकून घ्या.