व्याह्यांचा पेढा

"अहो, मान खाली. हनुवटी छातीला. हं, गिळा आता. परत एकदा गिळा."

बायकोने, शशिकलाबाईंनी, भरवलेला घट्ट लापशीचा चमचा कृष्णकांतांनी दोनदा करून गिळला. मुंबईच्या इस्पितळातल्या एका बाईंनी ही रीत शिकवली होती. तान्हं मूल न शिकता करतं, ते एसटीतून निवृत्त झालेला माणूस महिनाभर शिकत होता. पनवेल स्टँडच्या कर्ण्यावरून त्यांनी वर्षानुवर्षं अलिबाग, रोहा, महाडच्या गाड्या पुकारल्या. आता त्यांची हाक स्वयंपाकघरापर्यंत पोचत नसे. कंपवाताने आधी हात नेला, मग आवाज, आणि आता तो घासावर आला होता. गोळी चढली की थोडा वेळ गिळणं जमे. उतरली की घोटभर पाण्यानेही जीव घुसमटे.

आज त्यांच्या मनिषाची सुपारी फुटायची होती. आजार मुलीत उतरेल म्हणून एक स्थळ आधी मोडलं होतं, तेव्हा खरं बोलण्याची हौस घरात कोणाला उरली नव्हती. पेणच्या कमळाकरांना 'हात जरा थरथरतो' एवढंच सांगितलं होतं.

शशिकलाबाईंनी गोळी पाहुण्यांच्या वेळेवर बेतून दिली. पाहुणे मात्र पळस्प्याला अडकले.

"ट्रक आडवा पडलेला हो," कमळाकर घाम पुसत आत आले. तोवर गोळी उतरली होती. दुसरी दिली, पण ती चढायला वेळ घेते, आणि व्याह्यांना उजेडात परतायचं होतं.

बोलणी झाली, सुपारी फुटली. कमळाकरांनी ताटातला कंदी पेढा उचलला.

"घ्या व्याहीबुवा, तोंड गोड करा."

"मी देते त्यांना नंतर," शशिकलाबाई पुढे झाल्या.

"का? साखर आहे का यांना?" कमळाकरांच्या बायकोने लगेच विचारलं.

"छे छे, तसं काही नाही."

"मग आज कसलं पथ्य?" म्हणत कमळाकरांनी अख्खा पेढा कृष्णकांतांच्या तोंडात कोंबला.

गिळावा तर ठसका, थुंकावा तर अपमान, आणि दोन्हीकडून स्थळ जाणार. कृष्णकांतांनी तो गालात सरकवला, ओठ मिटले आणि मान छातीकडे घालून बसून राहिले. पाणी पुढे आलं, त्यांनी हात हलवला. कमळाकरांनी लग्नाच्या हॉलचं विचारलं, निवडणुकीचं विचारलं.

"फार बोलत नाहीत वाटतं?"

"पहिल्यापासून अबोल आहेत," शशिकलाबाई म्हणाल्या.

निघताना कमळाकरांचा आवाज जिन्यातून वर आला, "नोकरी एसटीतली, पण ऐट कलेक्टरची."

मनिषाने दार लावलं आणि ती वळली. "बाबा, दोन शब्द बोलला असतात तर काय बिघडलं असतं? आई, लग्नात यांना पुढे नको हं बसवू. सगळ्यांसमोर असंच तोंड करून बसतील."

शशिकलाबाईंनी नवऱ्याच्या हनुवटीखाली बशी धरली.

"उघडा."

गोळ्यांनी तोंड कोरडंच असायचं. पेढा फारसा विरघळला नव्हता. कमळाकरांच्या अंगठ्याचा ठसा अजून त्याच्यावर होता. मनिषा बशीकडे बघत राहिली.

कृष्णकांतांनी ओठ हलवले. शशिकलाबाईंनी कान जवळ नेला.

"जमलं?"

"जमलं."

कृष्णकांतांनी हनुवटी छातीला लावली आणि शिकवल्याप्रमाणे गिळलं. मग परत एकदा. तोंडात काहीच नव्हतं.