टँक्रेडवरचा दरवाजा

पेंगेलीने बॉयलरखोलीचा लोखंडी दरवाजा लावला, खिट्ट्या आवळल्या आणि वाकून कडेला डोळा लावला. पलीकडे ठेवलेल्या कंदिलाचा उजेड फटीतून सरळ त्याच्या डोळ्यात आला.

म्हणे पाणी अडवणारा दरवाजा. त्याच्या तोंडात कडवट थुंकी जमली.

टँक्रेड ही चिलखती युद्धनौका, पण नौदलात आल्यापासून तिने शत्रूवर एकही गोळा डागला नव्हता. धुराने रंग काळवंडतो म्हणून सरावाचे गोळेसुद्धा गुपचूप माल्टाच्या समुद्रात ढकलले जात, आणि ते काम तोफखान्याचा जमादार म्हणून पेंगेलीच करवून घेई. ताफ्यातलं सर्वांत लखलखीत जहाज, एवढीच तिची कीर्ती. त्या लखलखाटावर दोन कमांडर कप्तान झाले होते. विटेच्या भुकटीने घासून घासून दरवाजांच्या कडा मात्र झिजून गेल्या होत्या. जहाजाला भोक पडलं तर आधी बुडणार होते बॉयलरवरचे कोळसेवाले. त्यांतच त्याचा मेव्हणा एनॉक होता.

“उद्या ॲडमिरल तपासणीला येतील, त्यांनाच दाखवतो ही फट,” पेंगेली म्हणाला.

एनॉक दरवाजा घासतच राहिला. “दाजी, पेन्शन तोंडावर आलीय तुमची. कमांडर सोलून काढेल. ताईनं प्लिमथला घरसुद्धा बघून ठेवलंय.”

“आणि तू बुडालास, तर तिला काय सांगू?”

“सांगा, चकचकीत मेला.”



दुसऱ्या दिवशी ॲडमिरल पांढरे हातमोजे घालून खाली उतरले. नळांवरून बोट फिरवलं, बोट पाहिलं, मान डोलावली. दरवाजासमोर थांबून त्यांनी त्यात बघून कल्ले नीट केले. तेव्हा पेंगेली पुढे झाला आणि म्हणाला, की हा दरवाजा पाणी अडवणार नाही. कमांडरचा चेहरा पांढरा पडला. पलीकडे कंदील ठेवला गेला, अलीकडचे दिवे झाकले. ॲडमिरल वाकले.

कडेला नुसता काळोख होता.

ॲडमिरल सावकाश ताठ झाले. उन्हात बरीच वर्षं काढली की नजर अशी फसवते, म्हाताऱ्याला दोष देऊ नका, असं कमांडरला सांगून ते वर गेले. कमांडर मोठ्याने हसत मागोमाग गेला.

पेंगेलीने कडेवर नख ओढलं. नखात काजळीत कालवलेली मेणबत्तीची चरबी आली. 

रांगेतले कोळसेवाले जमिनीकडे बघत होते. एनॉक जवळ आला.

“सगळ्यांनी मिळून रात्री फट भरली, दाजी. आता खुळा म्हणतील तुम्हाला, पण पेन्शन तरी देतील.”

 तेवढ्यात पाळीची घंटा झाली. कोळसेवाले एकेक करून वाकून आत गेले. सर्वांत शेवटी एनॉक गेला आणि त्याने आतून दरवाजा ओढून घेतला. चरबी निघू नये म्हणून अगदी हलक्या हाताने.