बेबाबाईची स्लाइड

“उतरला ना, भाऊ?” तोतारामने लॅबच्या काउंटरवरून अर्धं अंग आत घातलं होतं.

“उतरला. पांढऱ्या पेशींचा काउंट काल सव्वीस हजार होता, आज चार हजार दोनशे. एकदम नॉर्मल,” देवचंद म्हणाला. “आता केळी खाऊ घाला आम्हाला.”

“मंग नेतोच तिले घरी. डॉक्टर म्हन्ते दोन दिस थांबा. पन तिनं घरचंच घेतलं डोक्यात.”

“तुमची मर्जी. काउंट तर चांगला आहे.”

सावद्याचा तोताराम. केळीचा घड कापताना बायकोच्या, बेबाबाईच्या पायाला विळा लागला, जखम चिघळली, म्हणून लॅबसमोरच्या दवाखान्यात आणलं होतं. तिथल्या नातेवाइकांचा डॉक्टरांपेक्षा देवचंदवर भरवसा जास्त. एकतीस वर्षं रक्त तपासणारा माणूस! आणि खरं सांगायचं तर देवचंदलाही ते आवडायचं.

पेशी मोजणारं मशीन आल्यापासून आकडा नॉर्मल असला की स्लाइड करायची नाही, असा लॅबचा रिवाज होता. पण देवचंदची एक खोड होती. आजारातून उठलेल्या माणसाची स्लाइड तो करायचाच, नुसती डोळे निववायला. जेवणाच्या सुट्टीत त्याने बेबाबाईच्या रक्ताचा थेंब काचेवर ओढला, रंग दिला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला.

त्याने काच सरकवून पुन्हा पाहिलं.

जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एरवी दिवसभर जगतात, फार तर थोडं जास्त. जंतू शिरले की शरीर त्यांचं मरण लांबवतं, काम उरकेपर्यंत जगवून ठेवतं. मग त्या निमूट मरतात, दुसऱ्या पेशी त्यांना गिळून जागा साफ करतात, काउंट हळूहळू खाली येतो. इथे तसं काही नव्हतं. होत्या त्या पेशींच्या पोटात भोकं पडली होती. कित्येक फुटून त्यांचे काळेजांभळे ठिपके उरले होते. एकीच्या पोटात तर गिळलेले जंतू तसेच दिसत होते. बाकीच्या कोवळ्या, न भरलेले घड कापून गाडीत टाकावेत तशा हाडांतून घाईघाईने पाठवलेल्या. काउंट उतरला नव्हता. लढणारेच संपले होते.

सव्वीस हजारांवरून एका रात्रीत चार हजार! आकडा वाचतानाच खटकायला हवं होतं. देवचंदला स्वतःची भयंकर चीड आली. त्याने फोन लावला.

“तोतारामभाऊ, कुठे आहात?”

“भुसावळ सोडलं आताच. झोपली हाये ती. घामानं वल्ली झाली, अंग गारेगार पडलं. ताप बठ्ठा उतरला, भाऊ!”

“गाडी वळवा! भुसावळलाच मोठ्या दवाखान्यात न्या, आत्ताच्या आत्ता!”

मग तोताराम म्हणाला, “पन तुम्हीच तं सांगतलं, नॉर्मल हाये म्हनून.”

गाडी वळली. पण संध्याकाळी बेबाबाई गेली.

पंधरा दिवसांनी तोताराम लॅबमध्ये आला. भांडेल, चार लोक जमवेल, असं देवचंदला वाटलं होतं. मनातून तेच हवंही होतं. तोतारामने खिशातून तो रिपोर्ट काढला आणि काउंटरवर पसरला.

“याच्यात कुठी लिहेल हाये, भाऊ, ती मरनार म्हनून?”

“याच्यात नाही,” देवचंद म्हणाला. “माझी चूक झाली. मी काच न बघता बोललो.”

“मंग कशात हाये? ते दाखवा मले.”

देवचंदने कपाटातून ती काच काढली, मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि स्टूल पुढे सरकवलं. तोतारामने एक डोळा मिटून दुसरा नळीला लावला.

“जांभये जांभये ठिपके दिसून राह्यले,” तो म्हणाला. “याच्यातले तिचे कोनते?”

“सगळे तिचेच.”

तोतारामने डोळा काढला नाही. बाहेर रांग वाढत होती, कुणीतरी रिपोर्टसाठी हाक मारत होतं. देवचंद मायक्रोस्कोपच्या दिव्याच्या बटणावर हात ठेवून, दिवा न विझवता तसाच उभा राहिला.