शेठचं खाणं

डॉक्टरीणबाईंनी सशाचं पोट हलक्या हातानं चाचपलं, तसा पांढऱ्या केसांचा एक पुंजका टेबलावर गळून पडला. मावशींनी तो चटकन उचलून मुठीत घेतला, जणू पसारा त्यांनीच केला होता. गल्लीतल्यांचे कपडे शिवून देणाऱ्या या बाईंना सगळे मावशीच म्हणत. सशाचं नाव शेठ. हे त्यांच्या यजमानांनी ठेवलेलं, त्याचं पोट पाहून.

"वाटी अर्धी तशीच राहते," मावशी म्हणाल्या. "हे गेले तेव्हापासून. आणि आता तर दोन दिवस तेवढंही खात नाही. झुरतोय हो तो."

"लेंड्या पडतायत?"

"पडतात. पण बारीक, आणि केसांनी एकमेकींत अडकलेल्या."

"ऋतू बदलला की ससे केस टाकतात. अंग चाटताना ते पोटात जातात आणि भूक मंदावते. रोज विंचरा, सुकं गवत आणि पाणी भरपूर ठेवा. दिवसभरात तोंडाला काहीच लावलं नाही, तर मात्र थांबू नका, लगेच घेऊन या."

डॉक्टरीणबाईंनी शेठला काट्यावर ठेवलं आणि जुनं कार्ड उघडलं.

"दोन किलो सातशे. काकांनी तपासायला आणला होता तेव्हा साडेतीन होता. छान उतरलाय."

"छान कसलं? वाळलाय तो."

"नाही हो मावशी, आता कुठे सशासारखा दिसतोय. केस गळायचे थांबले की खाणं वाढेल, पण पूर्वीइतकं नाही. तेव्हा पाव, भात, उकडलेले बटाटे, काय काय जायचं याच्या पोटात. मी काकांना रागावले होते. तर हसून म्हणाले, ही फार मायेनं वाढते, ताटात उरलेलं तिला बघवणार नाही."

 मावशींनी शेठला पिशवीत ठेवलं, चेन लावली, पुन्हा उघडली आणि पुन्हा लावली.

छापखान्यातून निवृत्त झाल्यावर यजमान ताट घेऊन मागच्या गॅलरीत जायचे. शेठच्या पंगतीला बसतो, म्हणायचे. पुढच्या खोलीत मावशींचं शिलाई मशीन चालू असायचं. थोड्या वेळानं ताट परत यायचं, चाटूनपुसून लख्ख. त्यांच्या पोटाचं दुखणं कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. भूक कधीपासून कमी झाली, असं दवाखान्यात विचारलं, तेव्हा मावशींनी जरा अभिमानानंच सांगितलं होतं, भुकेची काही तक्रार नाही. डॉक्टरांनी तसं लिहूनही घेतलं होतं.

संध्याकाळी लेक औषधांच्या दुकानातलं काम आटोपून घरी आली तेव्हा मावशी गॅलरीत शेठला विंचरत होत्या. बाप गेल्यापासून लेक आईच्या नजरेला नजर देत नसे. ती आपल्याला दोष देतेय, अशी मावशींची समजूत होती.

"काय म्हणाल्या डॉक्टर?" लेकीनं दारातूनच विचारलं.

"केस गळतायत, म्हणून खात नाही." मावशींनी फणीतले केस काढले. "आणि तुझे बाबा जेवत नव्हते गं. सगळं याला घालायचे. मला कळलंच नाही."

लेक उभीच राहिली. तिथूनच म्हणाली,

"मला माहीत होतं."

मावशींचा हात थांबला.

"म्हणजे, एकदा पाहिलं होतं. याला पाव भरवत होते. मला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, लाड चाललेत. मी पण हसले." तिचा आवाज बारीक झाला. "दवाखान्यात तू भूक चांगली आहे म्हणालीस ना, तेव्हा सांगणार होते. पण सगळ्यांसमोर तुला खोटं कसं पाडायचं, म्हणून गप्प बसले. तेव्हा बोलले असते तर..."

"तर काही नाही," मावशी म्हणाल्या. "तेव्हा सगळं होऊन गेलं होतं."

"पण त्याआधी? पाहिलं तेव्हा?"

मावशींनी शेठच्या पाठीवरून फणी न फिरवता नुसताच हात फिरवला.

"तुला लाड वाटावेत, म्हणूनच त्यांनी बोट ठेवलं होतं गं," त्या म्हणाल्या आणि जरा भिंतीकडे सरकल्या.

लेक खांद्यावरची पिशवी न काढताच त्यांच्या शेजारी फरशीवर बसली.