मी तिसरा डबा बोलतोय

मी तिसरा डबा बोलतोय. चार डब्यांच्या विजेच्या गाडीतला तिसरा. आज जरा चिडूनच बोलणार आहे, तेव्हा ज्यांना गोड ऐकायची सवय आहे त्यांनी पुढच्या डब्यात जावं. तिथे गाद्या नव्या आहेत.

मी रोज सकाळी कामीउरा बंदरातून निघतो आणि दीड तासात शहरात पोचतो. कामीउराला समुद्र फलाटाच्या इतका जवळ आहे की माझ्या डाव्या अंगाला कायम मिठाची पुटं असतात. शहरात सगळे घासूनपुसून बसलेले असतात. या दोन टोकांच्या मध्ये माझं एकतीस वर्षांचं आयुष्य गेलं.

माझा जन्म कागदावर झाला. कुरिहारा नावाचा एक किडकिडीत आराखडाकार होता. आमची मालिका काढायचं ठरलं तेव्हा तो महिनाभर जुन्या लाकडी गाड्यांतून कामीउरा ते शहर अशा फेऱ्या मारत होता. खिशात बांबूची पट्टी. पहाटेच्या गाडीला तेव्हा तीस-चाळीस मासेवाल्या बायका असायच्या. पत्र्याच्या डब्यांची उतरंड, वर मोठं कापड, ते छातीवर गाठ मारून पाठीला बांधलेलं. बाई चार फूट नऊ इंच आणि पाठीवरचं ओझं तिच्याच वजनाच्या आसपास. ओझं खाली ठेवलं तर परत उचलायला दोन माणसं लागत. म्हणून त्या ते उतरवतच नसत. दीड तास ओझ्यासकट उभ्या.

कुरिहारा त्यांच्या मागे उभा राहून पट्टीनं ओझ्याच्या बुडाची जमिनीपासूनची उंची मोजायचा. एकदा एकीनं मान वळवून विचारलं, "काय हो साहेब, पाठ मोजताय ती कोट शिवणार का आमचा?" अख्खा डबा हसला. कुरिहारा कानापर्यंत लाल झाला, पण मोजणं थांबवलं नाही. सोबतच्या माणसानं म्हटलं होतं, एवढे कष्ट कशाला, त्यांनाच विचारा की काय हवं. त्यावर तो म्हणाला होता, "विचारलं तर म्हणतील काही नको. यांना विचारायचं नसतं, बघायचं असतं."

तर त्यानं माझ्या मधल्या दाराशेजारी, कोपऱ्यात, एक फळी काढली. केयाकी नावाच्या टणक झाडाच्या लाकडाची, हातभर खोल, बरोब्बर त्या मोजलेल्या उंचीवर. बाईनं पाठमोरं व्हायचं, गुडघे किंचित वाकवायचे, की ओझं फळीवर टेकतं. छातीवरची गाठ सैल करायची, श्वास घ्यायचा. उतरताना गाठ आवळून नुसतं ताठ व्हायचं. कुणाची मदत नको, कुणाचे उपकार नकोत. एवढीशी फळी, पण तिच्यामुळे मी मी होतो. बाकी खिडक्या, दारं, पंखे सगळ्याच गाड्यांना असतात.

ती फळी बसवली तोकुनागानं. तेव्हा तो कारखान्यात नवाच लागला होता. प्रत्येक स्क्रू बसवला की त्याच्याकडे बोट दाखवून मोठ्यानं म्हणायचा, "घट्ट आहे." आमच्याकडे मोटरमन सिग्नलला बोट दाखवून बोलतो, गार्ड दाराला बोट दाखवून बोलतो, तसा हा स्क्रूंशी बोलायचा. बावीस स्क्रू आणि बावीस वेळा 'घट्ट आहे'.

पुढची तीस वर्षं मी खोटं कशाला बोलू, सुखात होतो. बायका मात्र कमी होत गेल्या. कुणी थकली, कुणी गेली, कुणाच्या सुनेनं दुकान थाटलं. चाळीसच्या वीस झाल्या, वीसच्या पाच. शेवटी एकटी मित्सुए आजी उरली. वय शहात्तर. सुकवलेले बांगडे, माकूळ, समुद्री शेवाळ घेऊन शहरात ठरलेल्या सोळा घरी जाते. ती दारातून आत आली की मागे न बघता चार पावलं उलटी चालायची आणि टेकायची. मागे फळी आहे की नाही हे तिनं तीस वर्षांत एकदाही वळून पाहिलं नव्हतं.

मग आमच्या नूतनीकरणाची टूम निघाली.

मी काही जुन्याला कवटाळून बसणारा नाही. नवी मोटर मिळाली, तिचा आवाज कमी आहे, मला आवडली. छतातून गळायचं ते थांबलं. चाकाच्या खुर्चीसाठी पलीकडच्या टोकाला जागा केली, ती तर आधीच करायला हवी होती. पण त्या फळीवर कुणाचा डोळा का जावा? म्हणे कोपरा जुनाट दिसतो, म्हणे मासळीचा वास मुरलाय, म्हणे तिथे गुळगुळीत पांढरा पत्रा लावला तर जाहिरातीची चौकट बसेल.

तरी आमच्याकडे काहीही मोजल्याशिवाय काढत नाहीत. पाहणी करायला ओनुकी नावाचे साहेब आले. माणूस सज्जन, इस्त्रीचा, हातात टकटक मोजायचं यंत्र. तीन दिवस पहाटे माझ्यात बसून त्यांनी फळीचा वापर मोजला. तीन दिवसांची बेरीज आली शून्य.

येणारच शून्य! तिन्ही दिवस बुधवार होते. बुधवारी कामीउराचा मासळीबाजार बंद असतो. बंदरातली मांजरंसुद्धा बुधवारी उशिरा उठतात. ओनुकी साहेबांच्या कचेरीत बुधवारी बैठक नसते, म्हणून ते बुधवारी आले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, म्हणजे चाकाची छतात म्हणा. ओरडावंसं वाटलं, पण आम्हाला दिलाय फक्त भोंगा, आणि तोही पहिल्या डब्याच्या ताब्यात.

नियमाप्रमाणे प्रवाशांचं मतही घ्यायचं होतं. शुक्रवारी ओनुकी कामीउराच्या फलाटावर उभे राहिले. आजी ओझं घेऊन आली. माझं दार उघडंच होतं, सगळं ऐकलं मी.

साहेबांनी कमरेत वाकून नमस्कार केला आणि म्हणाले, "आजी, डब्यातली ती फळी काढायचा विचार चाललाय. आपली काही गैरसोय होईल का?"

आजीला ओझ्यासकट आणखी वाकता येईना, तरी ती वाकली. "छे हो. माझ्यासाठी कशाला एवढा विचार? मी एकटी, आज आहे उद्या नाही."

"म्हणजे त्रास होणार नाही?"

"मुळीच नाही. माझंच चुकतं, उगाच एवढं बोचकं घेऊन लोकांच्या मधे येते."

साहेबांनी कागदावर लिहिलं. आजीनं आभार म्हणून त्यांच्या हातात सुक्या बांगड्यांची पुडी ठेवली. पुढच्या आठवड्यात साहेबांनी परतभेट म्हणून मिठाईचा सुबक डबा स्टेशनमास्तरांकडे पाठवला. दोघंही किती चांगली माणसं! अशा दोन चांगल्या माणसांनी मिळून माझी फळी घालवली. राग साहेबांचा आला हे तर झालंच, पण खरं सांगतो, आजीचा जास्त आला. बाई गं, तुझी पाठ रोज मला काय सांगते ते मला ठाऊक आहे, आणि तू तोंडानं 'मुळीच नाही' म्हणतेस?

फळी काढायचं काम तोकुनागाकडेच आलं. तो आता मुकादम, निवृत्तीला एक वर्ष राहिलेलं. त्यानं बावीस स्क्रू काढले. या वेळी बोट दाखवलं नाही, बोललाही नाही. फळीला मधोमध खळगा पडला होता, तीस वर्षं ओझी टेकून. त्यावरून त्यानं एकदा हात फिरवला आणि ती भंगारात टाकायच्या ऐवजी चादरीत गुंडाळून आपल्या कपाटामागे उभी केली. हे नियमात बसत नाही. तोकुनागानं उभ्या आयुष्यात मोडलेला हा एकच नियम असावा.

मी चकाचक होऊन जूनमध्ये रुळावर आलो. पहिला दिवस बुधवार, तो बरा गेला. लोकांनी नव्या फरशीचं कौतुक केलं. मग गुरुवार आला.

कामीउराला आजी आत आली. दाराशी थबकली, "अरे वा, किती छान केलंय," असं स्वतःशीच म्हणाली. फळी काढणार हे तिला सांगितलेलं होतं, पण पायांना कोण सांगणार? त्यांनी सवयीनं चार पावलं उलटी टाकली. तेवढ्यात गाडी सुटली. तिनं गुडघे वाकवले आणि ओझं टेकायला गेली, तर मागे काहीच नव्हतं. ओझ्यानं तिला मागे ओढलं. आधी डबे आपटले, मग ती, आणि उजवा हात खाली सापडला. माकूळ, बांगडे, शेवाळ सगळं माझ्या नव्या फरशीभर झालं.

रोज समोरच्या खांबाला धरून पेपर वाचणारा एक गृहस्थ आहे. अकरा वर्षांत तो तिच्याशी एक शब्द बोललेला नव्हता. त्यानं पेपर टाकला आणि धावला. "लागलं का?"

"नाही, नाही. माफ करा. माफ करा हं सगळ्यांनी." आणि डोक्याचा रुमाल सोडून ती डाव्या हातानं फरशी पुसायला लागली. "नवी फरशी आहे हो, वास राहील."

हात मोडलेला, आणि ती माझी फरशी पुसत होती. तेव्हा मला माझ्या नव्या अंगाची जेवढी शिसारी आली तेवढी गंजलेल्या पत्र्याचीही कधी आली नव्हती.

गार्डनं नोंद केली, नोंद कारखान्यात पोचली. तोकुनागा कचेरीत गेला. उत्तर मिळालं, की फळी परत हवी असेल तर वापरणाऱ्या प्रवाशाची तक्रार लागेल, आणि या प्रवाशानं तर त्रास नाही असं आधीच कळवलंय. पुढच्याच महिन्यात एका शनिवारी पहाटे तोकुनागा तक्रारीचा कागद घेऊन कामीउराला आला आणि माझ्या कोपऱ्यात येऊन उभा राहिला. आजी आली. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर, पाठीवर निम्मंच ओझं. ते तिनं फरशीवर ठेवलं आणि शेजारी उभी राहिली. गाडी सुटली.

तोकुनागानं स्वतःची ओळख करून दिली आणि विचारलं, "हात कसा आहे, आजी?"

"जरासा मुरगळलाय."

"जरासा मुरगळला की कोपरापर्यंत प्लास्टर घालतात होय?"

"डॉक्टर हौशी आहेत."

तो हसला नाही. त्यानं कागद पुढे केला. "फळीबद्दल तक्रार लिहा."

"तक्रार? छे छे. त्या साहेबांनी किती वाकून विचारलं होतं. त्यांना बिचाऱ्यांना आता कुठे परत कामाला लावू?"

"आणि मला लावलंत ते?" तोकुनागाचा आवाज चढला. आमच्या गाडीत कुणी आवाज चढवत नाही. खांबाजवळच्या गृहस्थानं पेपर खाली केला. "ती फळी मी बसवली होती आजी, याच हातांनी. आणि याच हातांनी काढली, का, तर तुम्ही नको म्हणालात. तुम्ही पडलात ते मी पाडलं. रोज जेवताना ते आठवतं मला. कुणाला त्रास नको म्हणता ना? मग हा कुणाला झाला?"

आजीनं फरशीवरचं ओझं जवळ ओढलं. दोन स्टेशनं गेली. मग हळूच म्हणाली, "हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. माफी मागते तुमची."

"माफी नको. लिहा."

"उजवा हात चालत नाही हो."

"मी लिहितो, तुम्ही सही करा."

"नको." तिनं पेन डाव्या हातात घेतलं. "माझा त्रास मी लिहिते."

कागद माझ्या नव्या पांढऱ्या पत्र्यावर धरून तिनं लिहिलं. अक्षरं वेडीवाकडी, गाडीच्या हिसक्यानं आणखी वाकडी. एकच ओळ होती : 'मला त्रास होतो.' शहात्तर वर्षांत पहिल्यांदा लिहिलं असावं. जरा वेळ त्याकडे बघत राहिली आणि मग खाली बारीक अक्षरात लिहिलंच, 'तसदीबद्दल माफ करा.' मी कपाळाला हात लावला असता, असता तर.

कागद तीन महिने टेबलाटेबलावरून फिरला. शेवटी मंजुरी आली, एका डब्यापुरती, प्रायोगिक म्हणून. तो डबा मी. ऑक्टोबरमध्ये तोकुनागानं कपाटामागून तीच फळी काढली, तोच खळगा, आणि बावीस स्क्रू लावले. बावीस वेळा बोट दाखवून बोलला, 'घट्ट आहे.' म्हातारा शेवटी शेवटी ओरडतच होता.

आजी परत येते. ओझं निम्मंच आहे, मनगट नीट जुळलं नाही. आत येते, पाठमोरी होते, चार पावलं उलटी चालते. आणि मग थांबते. वाकडा हात मागे नेऊन फळी चाचपते. आहे अशी खात्री झाली की मगच टेकते. तीस वर्षं तिनं मागे काही आहे का हे पाहिलं नव्हतं. आता रोज चाचपते. फळी परत मिळाली, पण हे कुणी परत दिलं नाही, आणि यासाठी कुठल्या कचेरीत कागद मिळत नाही.

आमच्या मालिकेच्या आणखी अकरा गाड्या कारखान्याच्या वाटेवर आहेत. कुणाची फळी जाणार, कुणाची उघडणारी खिडकी, कुणाची बुटक्या माणसांना धरता येणारी खालची कडी. ओनुकी साहेब परवा पुन्हा यंत्र घेऊन माझ्यात बसले होते. परवा कोणता वार होता, ते सांगायची गरज नाही.

साहेब, तुम्ही वाईट नाही, म्हणून तर एवढं बोलतोय. कुणी म्हातारी वाकून 'मुळीच त्रास नाही' म्हणाली, तर लगेच लिहून घेऊ नका. ती पाठमोरी होईपर्यंत थांबा, तिचा हात मागे कुठे जातो ते बघा. आणि मोजायलाच यायचं असेल तर गुरुवारी या.